ससा बिळात जात नाही

आमच्या घरात मासळी कधी शिजली नाही, सशाची तर गोष्टच सोडा. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि ताटात भाकरी, आमटी, शेंगांची चटणी. तरीही माकणीच्या त्या घरात जेवायला बसलं की एकच भांडण जुंपायचं. दर्यातली मुशी खरी की रानातला ससा खरा? एखादा पाहुणा आला तर त्याला वाटायचं, या लिंगायतांच्या घरात काही भलतंच शिजतंय.

भांडणारे दोघं. एक माझे सासरे महांतप्पा, त्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. दुसरे माझे मालक, भीमाशंकर. पूर्वी मी त्यांचं नाव तोंडानं घेत नव्हते. आता घेते. उखाणा घ्यायला तोंडात दात राहिले नाहीत, आणि नावं ठेवणाऱ्या सासवाही राहिल्या नाहीत.

भीमाशंकर मिसरूड फुटायच्या आत घरातून पळून मुंबईला गेले होते. तिथं बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला लागले आणि लढाईच्या दिवसांत पार बसऱ्यापर्यंत जाऊन आले. लढाई संपली, बोटीवरची माणसं कमी केली, तेव्हा घरी परतले. आप्पांनी त्यांना खुंट्याला बांधायचं म्हणून माझ्याशी लग्न लावून दिलं. खुंटा म्हणजे मी. पण पायाला भिंगरी असलेल्या माणसाला खुंटा काय करणार? जेवताना सुद्धा त्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेर असायचा. हात धुतला की निघाले. कुठं विचारलं तर म्हणायचे, ‘आलोच.’

आप्पांचं अगदी उलटं. औत सोडलं की ओसरीवर भिंतीला पाठ लावून मांडी घालायचे आणि बसायचे. दारावरून वरात जावो की बैल उधळून जावोत, आप्पांची मान वळायची नाही. आधी मला वाटायचं, म्हातारा आळशी आहे. मग कळलं की ते बसल्या बसल्या सगळं बघत असतात. पाऊस कुठून येणार, शेजारच्या दस्तगीरची गाय केव्हा विणार, सून कशानं फुगली आहे, हे त्यांना जागचं न उठता कळायचं.

‘मुशी थांबत न्हाय,’ भीमाशंकर ताटावर बसून सांगायचे. ‘खोल दर्यातली, निळ्या पाठीची मुशी. माणसापरीस लांब. बाकी मासळीच्या पोटात वाऱ्याची पिशवी असती, ती तरंगती. मुशीला ती न्हाय. थांबली की खाली खाली जाती. आन् तोंडातनं पाणी आत घेऊन कल्ल्यातनं भायेर काढलं तरच तिला दम मिळतो. म्हंजे चालती तवर जिती. झोपेत बी पोहत असती.’

‘शिव शिव!’ आप्पा घास खाली ठेवायचे. ‘गळ्यात लिंग हाय तुझ्या.’

‘खाल्ली न्हाय वो. नुसती बघितली.’

‘बघितली तर बघितली. ताटावर कशाला आणतूस?’

बोटीवर काय काय खाल्लं हे आप्पांनी कधी विचारलं नाही आणि पोरानं कधी सांगितलं नाही. त्यावर घरात शांतता होती. मग आप्पा आमटी भुरकून आपला ससा बाहेर काढायचे.

‘आपल्या रानातला ससा बग. मानंवर काळा पट्टा असतो, त्यो. लोकास्नी वाटतं ससा बिळात ऱ्हातो. येडी हायती. ससा बिळात जात न्हाय. बिळाला एकच तोंड. तितं कुणी हुबा ऱ्हायला तर जाणार कुठं? त्यो उघड्या रानात ढेकळाच्या आडोशाला अंगापुरता खोलगा करतो, कान पाठीला लावतो आन् बसतो. म्या नांगर हातभर अंतरावरनं नेलाय. हलला न्हाय.’

‘आन् कुत्र्याला सापडला तर?’

‘हलला तर सापडंल. पळणारा ससा समद्या गावाला दिसतो. बसलेला एकट्या महादेवाला.’

हे रोजचंच. एकदा मला वैताग आला. भीमाशंकर सांगत होते की मुशीचं पिल्लू पोटातून बाहेर पडलं की लगेच पोहत निघून जातं, आईकडं वळूनही बघत नाही. आप्पा म्हणाले, सशाचं पिल्लूही डोळे उघडे ठेवूनच जन्मतं, अंगावर केस घेऊन. मी परात आपटली आणि म्हणाले, ‘मुशी पाण्याच्या रंगाची, ससा ढेकळाच्या रंगाचा. दोघांस्नी घर न्हाय, दार न्हाय. दोघांची पोरं जन्मल्यापासनं शहाणी. मग भांडताय कशापायी?’

‘आमटी वाढ,’ दोघं एकदमच म्हणाले.

मी यांपैकी कुणातच नव्हते. मला बसवायचंही नाही आणि निघूनही जाता यायचं नाही. एकाची वाट बघायची आणि दुसऱ्याला ताट वाढायचं, यात माझा जीव खालीवर होत राहायचा.

मग ते रझाकारांचं साल आलं. इंग्रज गेले, तिकडं बार्शी-सोलापुरात तिरंगा लागला आणि आम्ही सरहद्दीच्या अलीकडं निजामाच्या राज्यात अडकून राहिलो. सरहद्दीपलीकडं तरुण पोरांचे कॅम्प पडले. निजाम सरकारचं दारूचं उत्पन्न बुडावं म्हणून ही पोरं शिंदीची झाडं तोडायची. कुऱ्हाड घेऊन कुणी पुढं व्हायचं म्हटलं की आमचे मालक आधी. तेरणेच्या काठची शिंदीची रांग त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आडवी केली, आणि त्यांचं नाव नको त्यांच्या कानावर गेलं.

तेव्हापासून ते कॅम्पात राहायला गेले. गेले म्हणजे काय, तिथंही बूड टेकत नव्हतं. मधूनच भर दिवसा घरी उगवायचे, तांब्याभर पाणी प्यायचे, गाईच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि परत निघायचे. आप्पा चिडायचे, ‘येतूस कशाला मराया?’ ते म्हणायचे, ‘तितं बसवत न्हाय.’ आणि गावात तरी कुणाला बसवत होतं? घोड्याची टाप ऐकू आली की बाया चुलीत पाणी ओतायच्या. गाठोडी बांधलेलीच असायची. तव्यावर भाकरी टाकली तरी कान दाराबाहेर असायचे. मी तर दिवसातून कितीतरी वेळा माळवदावर चढायची आणि रस्ता बघून खाली यायची. कशासाठी चढले हे खाली आल्यावर आठवायचं नाही.

वैशाखातली गोष्ट. मी सकाळीच कुरडया घालून माळवदावर वाळत टाकल्या होत्या. उन्हानं मातीचा धाबा तापला होता. दुपारच्या आधी भीमाशंकर आले. घामानं निथळत होते, डोळे लाल. भाकरीचे दोन घास खाल्ले असतील नसतील तोवर दस्तगीर मागच्या दारानं आला. गावचा मुलाणी तो, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. धापा टाकत म्हणाला, ‘भीमा, निघ. लोहाऱ्याच्या रस्त्यानं रझाकार येतायत. घोड्यावर हायत, पायी बी हायत. तुझंच नाव इचारत येतायत.’

नदीकडं पळावं तर माळ उघडा. रस्त्यानं जावं तर समोरूनच ते. भीमाशंकर घरातल्या घरात गरागरा फिरले आणि मागच्या अंगणात धावले. तिथं लिंबाखाली आमचं पेव होतं. त्यांनी पेवाच्या तोंडावरच्या फरशीला हात घातला.

पेव म्हणजे आमच्याकडचं जमिनीखालचं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत खोलीएवढी पोकळी. तळाला आणि कडेला कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, वर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. त्या साली लेव्हीत सरकारनं बरीच ज्वारी नेली होती, म्हणून आमचं पेव निम्मं रिकामंच होतं. माणूस लपायला जागा भरपूर. पण बंद पेवात वाफ धरते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण उतरलेल्याचा दम कोंडून जीव घेते. म्हणून पेव फोडलं की दिवसभर उघडं टाकायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील जळत राहिला तरच माणूस उतरवायचा. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. आमचे मालक बसरा बघून आले होते, पण पेवाची वाफ विसरले होते.

आप्पांनी त्यांचा दंड धरला. त्या दिवशी मी आप्पांना पहिल्यांदा एवढ्या झपाट्यानं उठताना पाहिलं.

‘येडा झालास व्हय? माझा धाकटा भाऊ असाच उतरला हुता. उतरला आन् बसला. बसला त्यो बसलाच.’

‘मग कुठं जाऊ?’

‘रानात. नांगरलेल्या रानात.’

‘उघड्यावर?’

‘म्या रोज काय सांगत हुतो तुला? ससा बिळात जात न्हाय.’ आप्पांनी खुंटीवरची आपली काळी घोंगडी काढून त्यांच्या अंगावर टाकली. ‘मधोमध जा. ढेकळं मोठी हायत तितं. पालथा पड, घोंगडी वर घे, आन् हलू नकोस. कायबी ऐकू आलं तरी हलायचं न्हाय. कायबी. ही शिवगंगा येऊन उठ म्हणंल तवाच उठायचं. बोल.’

‘न्हाय हलणार.’

‘लिंगाची आण घे.’

भीमाशंकरांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि पळाले.

आमचं घर गावाच्या टोकाला. पुढं ओसरी, ओसरीसमोर लगेच आमचं रान. मागं अंगण, त्यात पेव. आप्पांनी मला माळवदावर पाठवलं. म्हणाले, ‘कुरडया उलटत बस.’ तिथून मला दोन्हीकडचं दिसत होतं. काळ्याभोर ढेकळांत ते पालथे पडले आणि घोंगडी ओढून घेतली. नजर लावून बघितलं तेव्हा मला दिसले. नजर काढून परत बघितलं तर मलाच सापडेनात. पण मला ठाऊक होतं कुठं आहेत, म्हणून काळजी. हा माणूस देवापुढं आरती संपेपर्यंत उभा राहत नाही. वैशाखाच्या उन्हात, घोंगडीखाली, मुंगळ्यांच्या ढेकळांत हा किती वेळ पडून राहील? हलला की मेला. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होते आणि महादेवाला हात जोडत होते, एकाच दमात.

ते आले. घोड्यावरचे रस्त्यावरून वळले आणि रानाच्या बांधावरूनच घराकडं निघाले. एक घोडं बांधावर थबकलं. मला वाटलं, संपलं. माझे पाय आपोआप उठू लागले. मी दोन्ही टाचा तापलेल्या धाब्यावर दाबून धरल्या. घोड्यानं मान झाडली, कडेच्या तरवडाच्या झुडपाला तोंड लावलं आणि पुढं चाललं. काळ्या ढेकळांत काही हललं नाही.

घर त्यांनी उलटंपालटं केलं. उतरंडी फोडल्या, कडब्याची गंजी पसरली. त्यांचा म्होरक्या जाडजूड, मिशीवाला होता. त्यानं मला माळवदावर बघितलं आणि बंदूक वर करून म्हणाला, ‘ए बाई, वहीं बैठ.’ मग तो आप्पांकडं वळला. आप्पा ओसरीवर आपल्या जागी बसले होते.

‘बुड्ढे, बेटा किधर है?’

‘घरी न्हाय.’

तेवढ्यात मागच्या अंगणातून त्याच्या माणसानं हाक मारली. पेवाच्या फरशीभोवतीची माती एका बाजूनं उकरलेली होती. भीमाशंकरांनी हात घातला होता ना, तिथंच. म्होरक्या हसला. आप्पांना दंडाला धरून त्यानं मागं आणलं आणि फरशी बाजूला ढकलायला लावली. पेवाचं काळं तोंड उघडं पडलं.

‘आत कुणी न्हाय साहेब,’ आप्पा म्हणाले. ‘वाफ हाय आत. आता कुणी उतरू नका. उघडं ऱ्हाऊ द्या, कंदील सोडा, मग म्याच उतरून दावतो.’

ते खरं बोलत होते. पण जितकं खरं सांगावं तितकी त्या माणसाची खात्री वाढत होती. म्हातारा उतरू देत नाही, वेळ काढतोय, म्हणजे पोरगा आतच आहे. त्यानं पेवात तोंड घालून हाका मारल्या, धमक्या दिल्या. आतून आवाज कसा येणार? दस्तगीर भिंतीवरून उडी टाकून आला. हात जोडून म्हणाला, ‘सरकार, बुजुर्ग सच बोल रहे. पेव में दम घुटता. कंदील लाता मैं.’ त्याला बंदुकीचा दस्ता छातीवर बसला आणि तो मागं कोलमडला.

‘तू उतर,’ म्होरक्या आप्पांना म्हणाला. ‘बेटे को लेके ऊपर आ.’

आप्पा जागचे हलले नाहीत. त्यानं कोरडा उगारला.

त्या क्षणी मला वरून सगळं कळलं, आणि आप्पांना तर ते आधीच कळलं होतं. कोरड्याचा मार बसला तर म्हाताऱ्याच्या तोंडातून किंकाळी फुटणार. ती रानात पोचणार. बापाची किंकाळी ऐकून आमचा माणूस लिंगाची आणही विसरेल आणि उठून धावत येईल. आप्पांनी हात वर केला.

‘मारू नका. उतरतो.’

मी उभी राहिले. कधी उभी राहिले ते मला कळलंही नाही. माझ्या घशाशी हाक आली होती. ‘ते रानात आहेत’ एवढं म्हटलं की आप्पा वाचत होते. नुसतं ‘आप्पा’ म्हणून ओरडले असते तरी रानातलं माणूस उठलं असतं. मी ओरडायचं कुणासाठी आणि गप्प बसायचं कुणासाठी? आप्पांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता, आमटी मागतानाचा.

‘पोरी, हलू नकोस तितनं. कुरडया राखत बस.’

मी खाली बसले. मला आप्पांचा इतका राग आला की डोळ्यांसमोर अंधारी आली. सगळं यांनीच ठरवायचं, आणि सगळ्यांनी यांचंच ऐकायचं!

दस्तगीर उठून दोर घेऊन आला होता. ‘कमरेला बांधू द्या,’ म्हणून तो गयावया करत होता. म्होरक्याला वेळ नव्हता. आप्पांनी दोर हातातच धरला. गळ्यातलं लिंग डोळ्यांना लावलं, विभूतीची बोटं कपाळावरून फिरवली आणि पेवाच्या तोंडात पाय सोडले. आधी कंबर गेली, मग खांदे, मग पांढरं मुंडासं. आतून त्यांचा आवाज आला, ‘न्हाय कुणी.’ मग खोकला आला. मग ‘ओम नमः शिवाय’ आलं, सावकाश, रोज पूजेला म्हणायचे तसंच. ते अर्ध्यात थांबलं.

दस्तगीरनं दोर ओढला. दोर हलकाच वर आला.

म्होरक्या पेवात वाकून ओरडला. मग त्याच्या एका माणसानं चिंधी पेटवून आत सोडली. ती तोंडाखाली गेली न गेली तोच विझली. मघापासून हसणाऱ्या त्या मिशीवाल्याचा चेहरा उतरला होता, आणि तो बघून मला जराही बरं वाटलं नाही. ते घोड्यांवर चढले आणि आले तसेच बांधावरून निघाले. पण लगेच गेले नाहीत. नदीच्या अंगाला वडाखाली घोड्यांना पाणी दाखवत रेंगाळत बसले. तिथून आमचं सगळं रान त्यांना दिसत होतं.

म्हणून मी रानात जाऊ शकले नाही. रडताही आलं नाही. आवाज फुटला की ढेकळांतून माणूस उठणार, हे एकच माझ्या डोक्यात. शेजारच्या बाया धावत आल्या. हंबरडा फोडायला तोंड उघडणार, तोच मी माळवदावरून उतरून त्यांच्या तोंडावर हात ठेवला. ‘रडायचं न्हाय. एक शब्द न्हाय.’ बाया पदर तोंडात कोंबून आत बसल्या. त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलंय.

दस्तगीरनं लिंबाचा मोठा डहाळा तोडला आणि दोरीला बांधून पेवात वरखाली, वरखाली केला, आतली हवा ढवळून काढायला. बराच वेळ तेच करत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हते. मग कंदील सोडला. कंदील जळत राहिला, तेव्हा तो कमरेला दोर बांधून उतरला आणि गावातल्या चौघांनी आप्पांना वर काढलं. ज्वारीवर मांडी घालून बसले होते, दस्तगीर म्हणाला, भिंतीला टेकून.

आमच्यात माणूस गेला की आडवा ठेवत नाहीत. आंघोळ घालतात, विभूती लावतात आणि भिंतीला टेकवून बसवतात. बसलेलाच मातीत देतात. आप्पांना मीच आंघोळ घातली, धुतलेलं मुंडासं बांधलं. मग कुठं बसवायचं, हा प्रश्नच नव्हता. ओसरीवरची त्यांची जागा रोजच्या पाठीनं गुळगुळीत झाली होती. दस्तगीर आणि मी त्यांना तिथं बसवलं. मांडी घातलेली, हात मांडीवर, तोंड रानाकडं.

सूर्य कलला तेव्हा घोडी नदीपलीकडं गेली. मी रानात शिरले. ढेकळं अजून भाजत होती. चालताना मी शब्द जुळवत होते. आधी पाणी पाजायचं, मग खाली बसवायचं, मग सांगायचं. घोंगडी दुपारी होती तिथंच, तशीच होती. मी जवळ जाऊन म्हणाले, ‘उठा. गेले ते.’

घोंगडी हलली नाही. उन्हानं हाही गेला की काय? मी गुडघ्यांवर बसून घोंगडी ओढली.

‘खरंच गेले?’ आतून घोगरा आवाज आला.

ते उठून बसले. ओठ फुटले होते, गालाला माती चिकटली होती, दंडावर मुंगळे चावून गांधी उठल्या होत्या. आणि हसत होते. लग्नापासून त्या दिवसापर्यंत मी त्यांना एवढं खूश बघितलं नव्हतं. मी तांब्या पुढं केला. ते घटाघटा प्यायले आणि प्यायता प्यायताच बोलू लागले.

‘शिवा, हललो न्हाय! एक डाव बी न्हाय. घोडं बांधावर थांबलं, त्याचं फुरफुरणं ऐकलं म्या. पाय म्हणत हुते पळ, पळ. मागनं आरडाओरडा आला तवा तर जीव कासावीस झाला. पण म्हणलं, आप्पा हायत घरी. ते बसलेत, तर आपुन बी पडून ऱ्हायाचं. झालो का न्हाय ससा?’

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी रिकामा तांब्या माझ्या हातात दिला.

त्यांनी डोळ्यांवर हात धरून घराकडं बघितलं. तिरप्या उन्हात ओसरी लख्ख दिसत होती. भिंतीला पाठ, पांढरं मुंडासं, मांडी घातलेली.

‘बग, बसलेत की!’ ते हसून म्हणाले. ‘गाव उलथं झालं तरी म्हातारा जागचा हलायचा न्हाय. थांब, आज त्यांच्या तोंडनं वदवूनच घेतो, मुशीला बी बसता येतं म्हणून.’

आणि ते पळत सुटले. आखडलेले पाय, ढेकळांत अडखळत, घोंगडी एका खांद्यावरून फरफटत. ‘आप्पा! हललो न्हाय, आप्पा!’ ओरडत चालले होते. ओसरी काही लांब नव्हती. माझ्या पायांत त्यांना गाठायचं बळ होतं, घशात आता आवाजही होता. पण मी हाक मारली नाही. तेवढं रान त्यांना तसंच पळू दिलं आणि रिकामा तांब्या घेऊन मागून सावकाश निघाले.